रिकामे डबे

"मेमरी आहे, अनिमेष! दहादा सांगितलं, आहे!" यामिनी हेडफोनमध्ये ओरडली.

आई जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून ती पुण्याच्या कंपनीचं काम बेलापूरच्या घरातून करत होती. काम कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या कारभाऱ्याचं. हा कारभारी सध्या मेमरी संपली म्हणून चालू प्रोग्राम अर्ध्यातच मारून टाकायचा. संपली कुठली डोंबलाची! प्रत्येक प्रोसेसर घाईच्या वेळी लागेल म्हणून थोडी रिकामी मेमरी स्वतःजवळ ठेवून घ्यायचा, आणि कारभारी त्यांना विचारायच्या आधीच हात वर करायचा.

"त्याने आधी सगळ्यांकडची परत मागवायची, मग नाही म्हणायचं. एवढंच तर करायचंय!"

"बरं बाई, टाक तुझा उपाय," तिचा साहेब अनिमेष वैतागून म्हणाला. हा उपाय शोधण्यात यामिनीचे तीन आठवडे गेले होते.

तिने हेडफोन काढला तोच मागच्या दारातून शेजारच्या आक्काबाईंचा आवाज आला.

"यामिनी, माझा डबा गावला का गं? चवथ्यांदा आले बघ. आमची ज्ञानेश्वरी पाचच्या गाडीनं सासरी चाललीय, पोरीला लाडू कशात देऊ? गुरुजी म्हंत्यात न्हाईच. गल्लीतल्या बाया काय बोलत्यात म्हाईत हाय का? गुरुजींनी डबे गिळले म्हनत्यात!"

यामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, आक्कांचा डबा?"

"नाही गं आपल्याकडे," शामकांत गुरुजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. सकाळपासून हेच ऐकतेय, नाही, नाही! ती आत गेली आणि एकेक कप्पा उघडत सुटली. फडताळात चार, माळ्यावर पाच, देव्हाऱ्याखाली दोन. सुतकात गल्लीने पिठलं-भाकरी घालून पाठवलेले अकरा डबे, घासून पुसून ठेवलेले, झाकणांवर ज्याची त्याची नावं कोरलेली.

"घरात ढीगभर डबे रिकामे पडलेत आणि दारात माणूस ताटकळतंय! खोटं का बोललात? तुमच्यापेक्षा माझा कर्नल परवडला!"

शामकांतांनी पेपराची घडी घातली.

"रिकामा कसा देणार? तुझ्या आईने कधी कुणाचा डबा रिकामा परत दिला नाही. वडी, चिवडा, काहीतरी असायचंच. मला त्यातलं काय येतं? वाटलं, जमेल काहीतरी, मग देऊ. आणि रिकामा आहे म्हणून सांगायची लाज वाटली."

यामिनीचा राग कुठल्या कुठे गेला. तिला आईची फार आठवण आली. तिने फडताळातून साखरेची बरणी काढली.

"साखर घाला, बाबा," ती म्हणाली. "आई घाईत असली की मूठभर साखरच घालायची."

तिने ओट्यावर अकरा डबे मांडले. शामकांतांनी बरणीत हात घातला, मूठ भरून आक्काबाईंच्या डब्यावर धरली आणि थांबले. मग हात मागे घेऊन त्यांनी थोडी साखर बरणीत परत सोडली.

"तिची मूठ लहान होती," ते म्हणाले.