पलंगाकडे तोंड केलेला मॉनिटर

मी आमगावचा मॉनिटर बोलतोय. हल्लीचा सपाट, सुकलेला मॉनिटर नव्हे हो! मी जुन्या घाटाचा, भरल्या पोटाचा. १९९९ साली हिमांशूने मला गोंदियाहून पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन आणलं. त्याच्या पायांना मुंग्या आल्या, पण पठ्ठ्याने मला खाली ठेवलं नाही.

हिमांशू लग्नांचं शूटिंग करायचा. पुढे त्याचं स्वतःचं लग्न झालं, रीता आली आणि मिक्सिंग शिकली. मिक्सिंग म्हणजे शूटिंगमधलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि वर गाणी टाकायची. वर्षभरात ती नवऱ्याच्या पुढे गेली.

आमच्याकडे मिक्सिंगला नवरीकडचं अख्खं घर येऊन बसतं. बसतं कसलं, रीताच्या मानेवर उभं राहतं! "बाई, मामीची साडी दिसू द्या जी!" म्हणत माझ्या काचेवर बोटं उमटायची. बिचारीला माऊस हलवायला जागा उरत नसे.

२००९ मध्ये नवा सपाट मॉनिटर आला. हिमांशू म्हणाला, "हा डब्बा भंगारात देऊन टाकू." माझ्या पोटात गोळा आला. पोटच एवढं, तर गोळा केवढा असेल!

"कायले?" रीता म्हणाली. "पाहुण्यायले दाखवाले लावू न."

तिने कॉम्प्युटरमध्ये दोन वायरी लागतील असं कार्ड बसवून घेतलं आणि आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून ठेवलं. नव्याचं तोंड तिच्याकडे, माझं पलंगाकडे. कापाकापी तिकडे चालायची आणि तयार चित्र तेवढं माझ्यावर यायचं. पाहुणे पलंगावर ऐसपैस बसून चहा प्यायचे. मला तर टॉकीजचा मान मिळाला!

त्या उन्हाळ्यात चुन्नीलालजींच्या खुशबूचं लग्न झालं. बिदाईला सगळा मांडव रडला, बाप मात्र कोरडा ठक्क. टेम्पोत आलमारी नीट बसली की नाही, हे पाहत फिरत होता. पोरीच्या ते फार मनाला लागलं. माहेरी आली तरी बापाशी बोलेना. काही सांगायचं असलं की आईच्या मार्फत सांगायची.

एक दिवस चुन्नीलालजी एकटेच आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, आचाऱ्याच्या चुलीपाशी मी जरासा... तेवढं कापून टाका. पोरीच्या सासरचे पाहतीन त हासतीन."

"कापते जी काकाजी," रीताने शब्द दिला. पण कापायला बसली की तिचा हात काही धजेना. तीही कुणाची लेक होतीच ना!

मग घरची मंडळी पाहायला आली. खुशबू आईला खेटून पलंगाच्या एका टोकाला, चुन्नीलालजी दुसऱ्या टोकाला. सुरू करणार तोच लाइट गेली. लाइट आल्यावर रीताने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि तो गडी आपली मांडणीच विसरला! जे तिच्यासमोर, तेच आता माझ्यावर. माझं तोंड पलीकडे, तिला कसं कळावं?

"थांबा जी, एकच मिनिट," म्हणत तिने कापायचा राहिलेला तुकडा उघडला.

माझ्यावर चुन्नीलालजी आले. आचाऱ्याच्या चुलीपाशी उभे, खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर, खांदे गदगदा हलताहेत. मग डोळे पुसून टेम्पोकडे निघाले. रीता तिकडे कापायची जागा शोधत चित्र मागेपुढे करत होती. त्यामुळे ते निघाले, उलटे चालत चुलीपाशी आले आणि पुन्हा रडले. एकदा नाही, तीनदा!

पलंगावर चहाचा कप कुणी उचलेना.

"बाबा?" खुशबू म्हणाली. लग्नानंतर तिने पहिल्यांदाच हाक मारली होती.

"धूर होता," चुन्नीलालजी गुरगुरले.

"कायचा धूर जी? चूल त कवाची विझली होती!" खुशबूची आई म्हणाली आणि हसता हसता तिनेच पदर डोळ्यांना लावला. खुशबू उठून बापाशेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या दुपट्ट्यातच तोंड खुपसून रडली.

रीता टेबलाला वळसा घालून धावत आली. माझ्यावरचं चित्र पाहून तिने जीभ चावली. "काकाजी, माफ करा जी, आत्ता कापते!"

"आता कायले कापता?" चुन्नीलालजी नाक ओढत म्हणाले. "राहू द्या. पण त्याच्यावर गाणं नका टाकू."

त्याला बरीच वर्षं झाली. माझा एक कोपरा जांभळा पडलाय, आणि लोक लग्नं मोबाइलवर पाहतात. हिमांशूच्या तोंडी पुन्हा भंगाराचं नाव येतं. द्या बापडे, माझं म्हणणं नाही. फक्त खुशबूला विचारल्याशिवाय देऊ नका. ती आली की लेकीला आणि बापाला घेऊन पलंगावर येऊन बसते, आणि रीता तो तुकडा माझ्यावरच लावते.

"नानाजी, तुम्ही काऊन रडून राहिले?" नात दरवेळी विचारते.

"धूर होता," चुन्नीलालजी म्हणतात.

"हव," खुशबू म्हणते, "लय धूर होता."