यमुनेला नाल्यापलीकडे बांधलं

केतकीचं पोट खाली उतरलं, पुढच्या पायांमधले सड भरून आले, तसा सारा हत्ती कॅम्प दबक्या आवाजात बोलू लागला.

गडचिरोलीच्या दक्षिणेला, साग-बांबूच्या रानात हे वन्यजीव उद्यान आहे. इथे चितळी विणार, जखमी अस्वल येणार, बरं होऊन जाणार; त्याचं कोणाला अप्रूप नाही. हत्तिणीचं बाळंतपण मात्र देवाघरचं काम. आसपासच्या गावांतून बाया नारळ घेऊन येऊ लागल्या, दुरूनच हात जोडून जाऊ लागल्या. केतकी परराज्यातून ट्रकात उभी राहून आली तेव्हा हाडांचा सापळा होती. माहूत हरिदासने तिला भाताचे गोळे भरवून भरवून माणसात आणली. पुढे छत्तीसगडकडून रानटी कळप जिल्ह्यात उतरला, त्यातला एक सुळेवाला कॅम्पभोवती रेंगाळला आणि केतकी गाभण राहिली. तेव्हापासून हरिदास रोज सकाळी तिच्या कपाळाला बुक्का लावायचा, मगच स्वतः चहाला तोंड लावायचा.

हे पिल्लू जगावं, एवढंच त्याचं देवाजवळ मागणं होतं. मागच्या पावसाळ्यात कॅम्पातल्या थोरल्या हत्तिणीचं, यमुनेचं, पिल्लू तापाने गेलं. त्याच्या मागोमाग हरिदासची स्वतःची लेक, बायकोच्या मांडीवर, बारशाआधीच गेली. दोन्ही खड्डे त्यानेच खणले. तिसरा खणायची ताकद आपल्या हातांत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याची बायको मंगली कॅम्पवर हत्तींचा भात शिजवायची. मोठ्या कढईत तांदूळ, गूळ, मीठ. मग त्याचे लहान भोपळ्याएवढे गोळे. लेक गेल्यापासून तिला कोणी बारशाला बोलावत नव्हतं. ती पण विचारत नव्हती.

उद्यानाच्या डॉक्टर शिरीन शेख, चंद्रपूरच्या. त्यांनी केतकीला तपासलं आणि हात धुताधुता हरिदासला म्हणाल्या, "हरिदासभाऊ, नीट ऐका. ही पहिलटकरीण आहे. कळपात वाढली नाही, कोणाचं बाळंतपण तिने पाहिलेलं नाही. पिल्लू खाली पडलं की घाबरेल. घाबरलेली हत्तीण काय करते?"

"लाथ मारते जी."

"म्हणून यमुना शेजारी पाहिजे. सोंड पोचेल इतक्या जवळ बांधा. यमुना तिला आवरेल आणि पिल्लूही उचलेल. आपण माणसांनी आत घुसायचं नाही."

"जी मॅडम."

तेवढ्यात ताडोबाच्या मोहर्लीकडून फोन आला. विहिरीत बिबट पडला होता. शिरीनबाई पिशवी भरू लागल्या.

"मॅडम, त्या बिबटाले सांगा ना," चारा तोडणारा सुकलू म्हणाला, "का आमच्या घरी बाई बाळंत होऊन राह्यली, तू मागून पड."

"सांगते. कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा," म्हणत त्या हसत जीपमध्ये बसल्या.

त्याच दिवशी वडशाच्या गाडीने हरिदासची आई आली. ठमाबाई. सगळ्या टापूत नावाजलेली सुईण. तिच्या हातांवर जन्मलेली पोरं आता आजोबा झाली होती. आणि कीर्तनाची वेडी. बुवा कुठल्याही गावात उभा राहिला की ठमाबाई पहिल्या रांगेत. नुकत्याच झालेल्या सप्ताहात बुवांनी सांगितलं होतं, "ज्याचं घर जळलं असते तोच दुसऱ्याच्या आगीवर पहिले घागर घेऊन धावते." ते ऐकून ठमाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि कॅम्पवर आल्या आल्या तिने मंगलीला ते अगदी हुबेहूब, हातवाऱ्यांसकट सांगितलं.

केतकीच्या पाठीवरून तिने मायेने हात फिरवला. "पोट दगडासारखं झालं. उद्या होते पाहा." मग तिची नजर बाजूच्या यमुनेवर गेली. "आन् हे इथी काऊन बांधली रे?"

"मॅडमनं सांगतलं, माय. यमुना जवळ पाह्यजे."

"मॅडम हत्तीचं शिकली असन. बाळंतिणीचं नाई शिकली. जिचं लेकरू मातीत गेलं, तिले तू बाळंतिणीच्या उशाशी उभी करतेस?"

"जनावरात तसं नसते, माय."

"काऊन नसते? तूच सांगत होतास ना, पिल्लू मेलं तं यमुना रडली, डोळ्यांतून पाणी काढलं, चारा सोडला. माणसासारखी रडते, तं तिची हाय बी माणसासारखीच लागन."

 ते खरं होतं. यमुनेचं रडणं हरिदासनेच पाहिलं होतं, आणि ते जनावराचं रडणं नव्हे हे गावभर सांगितलंही होतं.

"मी काई वैरीण नाई तिची," ठमाबाई आवाज उतरवून म्हणाली. "पाचवी होऊ दे. सटवाई येऊन कपाळ लिहून जाऊ दे. मग आण, मी स्वतः तिले हळदकुंकू लावीन. पन ऐन वक्ताले तिची नजर पडली अन् काई झालं, तं जन्मभर तुले हेच खाईन. मी इतक्या बाया मोकळ्या केल्या, हे एक पाळलं म्हणून हाताले यश आलं."

हरिदासने साखळीला हात घातला. मंगली कढईजवळून उठून आली.

"मॅडम इथीच ठेवा म्हणल्या होत्या ना?"

"पाचच दिवसाचा सवाल आहे."

"मी माणूस आहो. मले सांगतलं तं मी दूर बसते. थ्या जनावराले काय सांगसान?"

"तू नको मधी पडू," तो म्हणाला. रागाने नाही, काकुळतीने. "मले हे पिल्लू पाह्यजे मंगली. काईच कसर राहू द्यायची नाई मले."

त्याने यमुनेला नाल्यापलीकडे, अर्जुनाच्या बुंध्याला बांधलं. ती मान वळवून वळवून पाहत गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आधी केतकी एका जागी ठरेना. बसे, उठे, शेपटी पिळे, सोंडेने स्वतःच्याच अंगावर माती मारी. सुकलू मोबाइलच्या रेंजसाठी मचाणावर चढला. "मॅडम निघाल्या! वाटेत आहेत!" तो वरून ओरडला. ठमाबाईने ओव्याची धुरी केली, बायांच्या बाळंतपणात करायची तशी. बांबूच्या कुंपणाबाहेर लोक हात जोडून उभे होते. कोणीतरी हळूच टाळ वाजवायला लागलं, त्याला हरिदासने हाताने थांबवलं.

नाल्यापलीकडून यमुनेचा आवाज सुरू झाला. हत्ती खूप खालच्या सुरात, पोटातून बोलतो. कानाला कमी आणि छातीला जास्त लागतं. केतकी तो आवाज ऐकून तिकडे तोंड करायची, साखळी ताणायची, मागे फेकली जायची.

"पाहा कशी ओढून घेते तिले," कुंपणापाशी उभी असलेली नूतन, वनरक्षकाची बायको, कुजबुजली.

आणि मग पिल्लू पडलं. धप्पकन, पाण्यासकट, धुळीत. काळंकरडं, केसाळ, ओलं. "आलं रे आलं!" लोक एकाच वेळी ओरडले. केतकी त्या ओरड्याने दचकून गर्रकन वळली. पायाशी काहीतरी हलतंय, हे काय आहे ते तिला कळेना. सांगायला जवळ कोणी नव्हतं. ती किंचाळली आणि तिने मागचा पाय झाडला.

पिल्लू खांबावर जाऊन आदळलं. आवाज ओलं लाकूड मोडावं तसा झाला.

हरिदास आत शिरला होता. "केतकी, थांब गं माझे बाई, तुझंच आहे, तुझंच आहे..." सोंडेचा फटका त्याच्या खांद्यावर बसला, तो कोलमडला. सुकलूने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. केतकीने आणखी एकदा पाय उचलला.

मंगली पळाली. ती हत्तींचा भात शिजवायची, पण त्यांच्या अंगाला तिने कधी हात लावलेला नव्हता. गोळेसुद्धा ती टोपलीत ठेवून मागे सरायची. चिखलातून नाला ओलांडून ती यमुनेच्या पायांत बसली आणि साखळीचा आकडा काढू लागली. यमुनेने ओढून ओढून तो रुतवून ठेवला होता. "ढिली सोड माय, एक डाव ढिली सोड," मंगली म्हणत राहिली. यमुना उभी राहिली. अगदी स्थिर. आकडा निघाला.

यमुना धावली नाही, भरभर चालत आली. लोक पांगले. ठमाबाई वाटेत दोन्ही हात पसरून उभी राहिली, "नको गं, नको," म्हणत, आणि शेवटच्या क्षणी बाजूला झाली. यमुनेने कुंपणाचा बांबू छातीने मोडला, केतकीच्या अंगाला अंग लावलं, सोंड तिच्या तोंडात घातली. केतकी थरथरत शांत झाली. इतकी लवकर, की बघणाऱ्यांना तिची आधीची दशा खोटी वाटावी. मग यमुनेने पुढचा पाय आणि सोंड लावून पिल्लाला हळूच उचललं.

ते उभं राहिलं. चार पायांवर, डुलत. लोकांनी जयजयकार केला. हरिदास खांदा धरून रडत होता आणि हसतही होता. पिल्लाने तोंड वर करून यमुनेच्याच पायांमध्ये दूध शोधलं. मग त्याच्या नाकातून रक्ताची धार आली, आणि ते गुडघ्यांवर बसलं.

पुन्हा उठलं नाही. यमुनेने खूपदा उचललं.

शिरीनबाई पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. त्यांनी पिल्लाच्या छातीवरून हात फिरवला, बरगड्या दाबून पाहिल्या, आणि उठल्या. नाल्यापलीकडे मोकळी पडलेली साखळी त्यांना दिसली होती.

"यमुना कुठे बांधली होती?"

 त्यांनी हरिदासकडे पाहिलं. तो सुकलूकडून खांद्याला हळद लावून घेत होता. त्याने मान वर केली नाही. शिरीनबाई जीपच्या पायरीवर जाऊन बसल्या.

खड्डा सकाळी खणला. हरिदासनेच, एका हाताने, सुकलूला फावडं न देता. तोवर गोष्ट उलटी होऊन गावात फिरलीही होती. पिल्लू चांगलं उभं झालं होतं. पोटचं गेलेल्या त्या दोघी आल्या, हत्तीण आणि बाई, आणि पिल्लू खाली बसलं. नूतन हे मोठ्याने बोलली नाही. फक्त मंगली फुलं घेऊन जवळ आली तेव्हा तिने कडेवरच्या पोराचं तोंड पदराखाली घेतलं. बाकीच्या बायाही थोड्या थोड्या सरकल्या. मंगलीच्या भोवती एक मोकळी जागा तयार झाली.

ठमाबाई खाली बसली होती. "म्या भल्यासाठीच..." ती म्हणाली आणि वाक्य तसंच राहिलं. एकाएकी फार म्हातारी दिसत होती ती.

हरिदासने फावडं मातीत रोवलं.

"लाथ पहिले बसली," तो म्हणाला.  "आयका सगळे. लाथ पहिले बसली, बरगड्या तेव्हाच गेल्या. मी आत होतो, मले आवाज आला. यमुना तेव्हा नाल्यापलीकडे होती. ती जवळ असती तं लाथच बसली नसती. अन् तिकडे मी बांधली. मॅडमनं नाई, मायनं नाई. मी."

 नूतनने पोराच्या तोंडावरचा पदर काढला नाही, उलट आणखी घट्ट केला आणि घराकडे वळली. एकेक करून बाया निघाल्या.

मंगलीने फुलं खड्ड्यावर ठेवली. हरिदास तिच्याकडे पाहत होता, तिने काहीतरी बोलावं म्हणून.

"हत्तिणीसाठी बोलले तुम्ही, बरं झालं," ती म्हणाली. "शेजारच्या उर्वशीताईच्या पोराच्या पाचवीले तिच्या दारात मले उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं. तेव्हा तुम्ही अंगणात चप्पल शोधून राह्यले होते. पायातच होती."

ती गेली. भात शिजवायचा होता. केतकीच्या सडांतून दूध आपोआप गळत होतं, धुळीत खाली काळा डाग पडला होता, आणि यमुना तिच्या अंगाला अंग लावून उभी होती.

हरिदासने फावडं उचललं आणि आधीच सपाट झालेली माती पुन्हा थापू लागला.