टेबल कोणी कलवलं?

कंपालातल्या त्या ऑपरेशन थिएटरमध्ये नांबोझेचा राग सकाळपासून नाकाच्या शेंड्यावर होता. कवटी उघडली की आतलं पाणी निघून जातं, मेंदू खाली बसतो आणि सकाळचा स्कॅन खोटा पडतो. मेंदू कुठे, किती बसेल हे सांगून कापायची रेघ आखून देणारा प्रोग्रॅम तिने चार वर्षं खपून लिहिला होता. आणि डॉक्टर किगोंगो अजून त्या स्कॅनवरच अडून बसले होते.

"तुझा कॉम्प्युटर मेंदूला हात लावून बघतो का गं?"

"तुमचा स्कॅन तरी बघतो का? शिळा झालाय तो, डॉक्टर!"

टेबलावरचे सालोंगो चक्क जागे होते. जुळ्यांचे बाप म्हणून सगळे त्यांना सालोंगोच म्हणत. रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री करणारा माणूस. गाठ काढताना वाचा जाऊ नये म्हणून त्यांना बोलतं ठेवलं होतं. नर्स चित्रं दाखवत होती, ते नावं सांगत होते.

"केळी. छत्री. आणि बाई, माझा खांदा घसरतोय."

"चित्राकडे बघा, सालोंगो."

शेवटी किगोंगो वैतागले. "बरं बाई, तुझ्या रेघेवर कापतो. झालं समाधान?"

नांबोझेला भलतंच समाधान झालं.

"सायकल," सालोंगो म्हणाले. "अहो, टेबल उजवीकडे कलवलंत तेव्हापासून घसरतोय मी!"

ज्या फॉर्मवरून प्रोग्रॅमला माहिती दिली होती, तो नांबोझेने पुन्हा पाहिला. फॉर्मवर टेबल सपाट लिहिलं होतं. टेबल कललं की मेंदूही त्याच बाजूला झुकणार. म्हणजे तिची रेघ साफ चुकली होती.

"थांबा! कलवलं कोणी?"

"मी," किगोंगो म्हणाले. "मला नीट दिसत नव्हतं."

"मग सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"याच रेघेसाठी तासभर माझं डोकं खाल्लंस!"

"आणखी चार मिनिटं खाऊ द्या."

तिने टेबलाचा कल भरून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. नवी रेघ अर्धं बोट सरकली. किगोंगोंनी जुन्या रेघेच्या जागी विजेची कांडी टेकवली; ती टेकते तो भाग क्षणभर बंद पडतो, तिथे कापलं तर काय जाईल ते कळतं. नर्सने चित्र धरलं.

"को..."

सालोंगोंचे ओठ हलत राहिले. शब्द निघेना. कांडी उचलली तेव्हा ते "कोंबडी, कोंबडी" असं घाईघाईने म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नांबोझेला किगोंगोंचा संताप आला आणि त्याहून स्वतःचा. तिने फॉर्म वाचला होता, मान वळवून टेबलाकडे पाहिलं नव्हतं.

"तासभर भांडलात दोघं," सालोंगो म्हणाले. "मला एकदा तरी विचारलंत का?"