मंगळवारची तारीख

दानेश्वरीला कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवता शिकवता केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. आता कुठे कायमची एक जागा निघाली. मुलाखतीला निघताना आईनं, कमलम्मानं, उंबऱ्यातच बजावलं, "दानू, तितं शानपना करू नको. मोटी मानसं बोलतील ते ऐकायचं. सुम्निरु, गप ऱ्हा."

गप्प राहायला दानेश्वरीनं वर्गात कुणाला शिकवलं नव्हतं. क्वोशंट ग्रुप आला की वर्गाची तोंडं पडायची, मग ती मंगळवार बाजाराचं उदाहरण काढायची. "सगळे मंगळवार एका गठ्ठ्यात बांधा. मंगळवारी बाजार भरतो, हा नियम चालला. कुठलाही मंगळवार उचला. मंगळवारी पाच तारीख असते, हा नाही चालत. कुठला उचलला यावर उत्तर बदलतं. गठ्ठ्यांवरच्या नियमाला होमोमॉर्फिझम म्हणायच्या आधी एवढं तपासा. आणि फळ्यावर चूक दिसली की हात वर. खडू कुणाच्या हातात आहे ते बघायचं नाही." केम गावाहून रेल्वेनं येणारा दिग्विजय तिच्याच हाताखाली शिकला. आज तोही त्याच जागेसाठी बाहेर बसला होता.

आत विषयतज्ज्ञ म्हणून आलेले सर म्हणजे बडं प्रस्थ. त्यांनी फळ्यावर, सहानं भागून सारखी बाकी उरणाऱ्या आकड्यांचे गठ्ठे चारच्या तशाच गठ्ठ्यांत नेणारा नियम लिहिला नि म्हणाले, "या होमोमॉर्फिझमचा कर्नेल सांगा. शून्यावर कोण कोण जातं?"

दानेश्वरीला लगेच दिसलं. सहाच्या हिशेबात एक आणि सात एकाच गठ्ठ्यातले, दोघांची बाकी एक. चारच्या हिशेबात एकाचा एकच राहतो, साताचे तीन होतात. कुठला उचलला यावर उत्तर बदलतं, ही तर मंगळवारची तारीखच. कसला कर्नेल नि कसलं काय! हात वर जायला निघाला, आणि मेला पदर सावरून खाली आला.

"शून्य आणि चार, सर."

"छान," सर म्हणाले.

तिच्यानंतर गेलेला दिग्विजय नाचतच बाहेर आला. "मॅडम, सरांनी चुकीचंच लिवलं हुतं की! मी म्हनलं, ह्यो नियमच बसत न्हाय. सर लई खूश. म्हनले, मुद्दाम लिवलं हुतं, कुनी बोलतंय का बगत हुतो."

मुद्दाम, की चूक झाकायला, देव जाणे. जागा मात्र गेली, हे तिला तिथंच कळलं. दिग्विजय पाया पडायला वाकला. "तुमीच शिकवलं न्हवं, खडू कुनाच्या हातात हाय ते बगायचं न्हाय." त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं तिला वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

संध्याकाळी निवड दिग्विजयची झाल्याचा फोन आला. कमलम्मानं विचारलं, "उलटं काय बोलली न्हाईस न्हवं?"

"नाही, अव्वा."

"शानी गं माजी बाय," कमलम्मा म्हणाली आणि तिनं लेकीच्या पुढ्यात ताट वाढलं.