भावाच्या तोंडून

कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, हे बसस्थानकाच्या भोंग्यावरून सांगणं हे तिचं काम. चेहरा फारसा कुणी पाहिला नव्हता, पण आवाज अख्ख्या गावाच्या कानात बसला होता, म्हणून लोक तिला घोषणाताई म्हणत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. लग्न ठरताना त्याला तिची नोकरी चालली, लग्न झाल्यावर तोच आवाज खुपायला लागला. ‘परके पुरुष माझ्या बायकोचा आवाज ऐकतात’ हे रोजचं पालुपद झालं. पालुपदावरून भांडण, भांडणावरून हात उचलणं, आणि शेवटी दुकानात जाताना तो दाराला बाहेरून कुलूप ठोकू लागला. एका सकाळी तिने खिडकीतून शेजारणीला हाक मारली, कुलूप फोडून घेतलं आणि तडक माहेर गाठलं.

तिला खुला हवा होता, म्हणजे बायकोने स्वतःहून मागायची फारकत. थोरला भाऊ फरशीचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत मान खाली जाऊ नये याची त्याला जिवापेक्षा जास्त काळजी.

“पंचांसमोर तू तोंड उघडू नकोस. मी बोलतो,” तो म्हणाला.

बैठक मशिदीच्या मागच्या खोलीत भरली. मधोमध मौलाना, एका बाजूला निवृत्त मास्तर, दुसऱ्या बाजूला बेकरीवाले चाचा. समोर नवरा, इस्त्रीच्या सदऱ्यात. ती आणि अम्मी पडद्यामागे.

“मुलीचं म्हणणं काय?” मौलानांनी विचारलं.

भाऊ पडद्याआड आला. ती म्हणाली, “सांग, मला खुला हवा. निकाहात त्याने दिलेली मेहरची रक्कम परत करते. त्या घरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.”

भाऊ बाहेर गेला आणि म्हणाला, “तिला थोडा वेळ हवाय. राग आहे, निवळेल.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण पडदा कापडाचा होता, भिंतीचा नव्हता.

“नोकरीचं काय?” मास्तरांनी विचारलं. भाऊ पुन्हा आत आला. ती म्हणाली, “नोकरी सोडणार नाही.” बाहेर जाऊन त्याने सांगितलं, “घरचे म्हणतील तसं करेन म्हणते.”

“तिने माफी मागितली तर नेतो मी,” नवरा म्हणाला.

“मागेल की!” या वेळी भाऊ आत यायच्याही भानगडीत पडला नाही.

ती उठली. अम्मीने बाही धरली. “बस गं! भाऊ सांभाळून घेतोय.”

“सांभाळतोय कसला, अम्मी? मी गिऱ्हाईकाला न आवडलेली फरशी असल्यासारखा गळ्यात मारतोय मला!” बाही सोडवून ती पडदा सारून बाहेर आली.

बेकरीवाल्या चाचांनी झटकन नजर खाली वळवली. “आत बसवा हिला. बाईचा आवाज असा चारचौघांत...”

“चाचा, तुमचे पाव कुठल्या गाडीत चढवायचे, ते रोज कुणाच्या आवाजावर ठरवता?”

मास्तरांना खोकल्याची उबळ आली. खोकला काही खरा नव्हता.

“भाऊ बोलला त्यातलं एक अक्षर माझं नाही,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता. “मला खुला हवा. हा मला बाहेरून कुलूप लावायचा. आत आग लागली असती, तर मी मेलेली सापडले असते.”

“घर माझं, कुलूप माझं!” नवरा उसळला. “मी काय कुणाची परवानगी घ्यायची?”

त्याला सावरून घ्यायला निघालेल्या भावाचं तोंड उघडंच राहिलं.

“मौलाना, निकाहच्या वेळी तुम्हीच विचारलं होतं, कबूल आहे का,” ती म्हणाली. “तेव्हा माझ्याच तोंडचा शब्द हवा होता. मग सोडायच्या वेळी भावाचं तोंड कशाला?”

मौलाना भावाकडे न बघताच म्हणाले, “यापुढे हिचं हीच सांगेल. तू बस.”

त्या दिवशी निकाल लागला नाहीच. नवऱ्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, बदनामीची भीती घालून पाहिली. ती प्रत्येक बैठकीला गेली, पुढे बसली आणि तेच बोलली. कोर्टाचा रस्ताही ठाऊक आहे, असं तिने सुनावलं, तेव्हा कुठे गडी नमला. खुला मिळाला.

भाऊ मात्र धुमसत होता. “माझं नाक कापलंस तू. माझ्या घरात राहायचं तर...”

“मग नाही राहत,” ती म्हणाली आणि बसस्थानकाजवळ भाड्याची खोली घेतली. अम्मी ‘चार दिवस’ म्हणून सोबत आली, ती तिथेच रमली. लोकांनी तब्येत विचारली, तरी मुलाकडे बघून गप्प राहणारी बाई! इथे ती शेजारणींशी तासन्‌तास गप्पा मारू लागली.

एका रविवारी भाऊ अम्मीला न्यायला आला. अम्मीने पिशवी भरली नाही. “मी इथेच राहणार,” म्हणाली.

भाऊ बहिणीवर घसरला, “हे तूच शिकवलंस ना हिला? काय चाललंय हिच्या डोक्यात?”

बहिणीने तोंड उघडायच्या आत अम्मी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“तिला काय विचारतोस?” ती म्हणाली. “मी समोर उभी आहे ना? मला विचार.”