खंडेनवमीचं रेकॉर्डिंग

कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच टेबलावर गुण्यागोविंदाने नांदवल्याचा ज्योतीरामना फार अभिमान होता. कासारवाडीत रेल्वेलाइनला लागून असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांत वेगळा टीव्ही नव्हताच. जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी काडेपेटीएवढा टीव्ही ट्यूनर लावला होता. सेटटॉप बॉक्सच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी त्यात खुपसल्या की कॉम्प्युटरच्याच पडद्यावर चॅनेल दिसायचं आणि लाल बटण दाबलं की कार्यक्रम आत साठायचा. बायकोसाठी, म्हणजे दुर्गाबाईंसाठी, ते कीर्तनं साठवत. सून स्वरूपा भोसरीत पॅकिंगच्या कामाला होती, घरी यायला उशीर व्हायचा, म्हणून तिच्यासाठी मालिका. मालिकेतल्या जाहिराती ते स्वतः बसून कापून टाकत. रिटायर झालेल्या माणसाला एवढा उद्योग पुष्कळ झाला, आणि तो ते असल्या रुबाबात करत की घरच्यांना हसू यायचं.

आता त्या घरात कोणी हसत नव्हतं. मुलगा प्रज्वल चाकणच्या कंपनीत प्रेसवर काम करताना गेला होता. पत्र्याचा पीस साच्यात अडकला, तो काढायला प्रज्वल आत वाकला आणि वरचा साचा खाली आला. माणूस आत वाकला की मशीन जागच्या जागी थांबावं म्हणून प्रेसला सेन्सर असतो. त्या दिवशी तो बंद होता. कंपनीने सरकारी चौकशीत सांगून टाकलं की काम लवकर उरकावं म्हणून प्रज्वलनेच सेन्सर बंद केला. थोडक्यात, पोरगा आपल्याच आगाऊपणाने मेला. त्याच्याबरोबरची पोरं सगळी कंत्राटावरची. तेराव्याला येऊन रडली, पण चौकशीत एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांना नावं ठेवू नयेत, पण राग यायचा तो येतोच.

"माझा नवरा असलं करणारा नव्हता," स्वरूपा भेटेल त्याला सांगायची. "ते तर टीव्हीवर बोलले होते त्या सेन्सरबद्दल."

आणि ते खरं होतं. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या सगळ्या कंपन्यांत मशिनींची पूजा होते. मशीन धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूचे हार, वर नारळ. प्रज्वलच्या कंपनीतली पूजा शूट करायला इथल्या केबलवाल्याचं लोकल चॅनेल आलं होतं. कामगारांसमोर माइक धरायचा, त्यांनी दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायच्या, एवढाच कार्यक्रम. प्रज्वलसमोर माइक आला तेव्हा तो शुभेच्छांऐवजी भलतंच बोलला, की मशिनला हार घातलाय पण तिचा सेन्सर काढून ठेवायला लावलाय. चॅनेलवाल्यांनी बहुतेक न बघताच ते संध्याकाळच्या बातम्यांत सोडलं. कंपनीचा फोन आल्यावर लगेच पुसूनही टाकलं. दिवाळीची जाहिरात त्याच कंपनीची होती.

पण ज्योतीरामच्या ट्यूनरने ते पकडलं होतं. पोरगा टीव्हीवर दिसणार म्हणून त्यांनी सकाळपासून तयारी केली होती. स्वरूपा सणाला माहेरी देहूला गेली होती, तिला दाखवायचं म्हणून त्यांनी बातम्या सुरू व्हायच्या आधीच लाल बटण दाबून ठेवलं. त्यानंतर मात्र ते रेकॉर्डिंग कोणी उघडलं नाही. आधी रागाने, मग दुःखाने.

चौकशीच्या साहेबांनी शेवटची सुनावणी ठेवली, तेव्हा ते उघडावंच लागलं. रविवारी दुपारी सुजित आला. तो कासारवाडीच्या जुन्या गावकीतला, कामगारांच्या युनियनचं काम बघणारा. त्यानेच चौकशीत या घराची बाजू धरली होती.

"काका, एवढं ऐकवलं ना, तर कंपनीचं तोंड बंद हुतंय बघा," सुजित खुर्ची ओढत म्हणाला. "पोरगं आधीच सांगून बसलंय, मग त्यानंच सेन्सर काढला असं कोण म्हनंल?"

दुर्गाबाई दाराशी बसल्या. स्वरूपा कॉम्प्युटरला खेटून उभी राहिली. ज्योतीरामनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि फाइल चालू केली.

पडद्यावर झेंडूच्या माळा आल्या. नारळ आला, गुलाल लावलेले मॅनेजर आले. आणि आवाज आला तो दुर्गाबाईंचा.

"अगं बाई, आला का प्रज्वल? सरका की जरा, मला दिसंना गेलंय!"

सगळ्यांनी दाराशी बसलेल्या दुर्गाबाईंकडे बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

सुजितने पुढे होऊन सेटिंग उघडलं. "काका, हा आवाज टीव्हीचा न्हाई. कॅमेऱ्याच्या माइकचा हाय. हा कॅमेरा कधी लावला व्हता?"

कॅमेरा म्हणजे पडद्याच्या डोक्यावर चिमटा मारून बसवलेला वेबकॅम. धाकटी लेक दिव्या नांदेडला दिलेली, सणाला तिचं बाळ बघायला मिळावं म्हणून ज्योतीरामनी तो पिंपरी कॅम्पातून आणला आणि खंडेनवमीच्याच दुपारी स्वतः जोडला. कॉम्प्युटरने त्या दिवशी रेकॉर्डिंगसाठी ट्यूनरचा आवाज सोडून कॅमेऱ्याचा माइक धरला. चित्र टीव्हीचं, आवाज खोलीतला. टीव्ही स्पीकरवर नीट ऐकू येत होता, त्यामुळे कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

"म्हणजे त्यांचं बोलणं नाहीच?" स्वरूपाचा आवाज चिरकला.

"लांबून येतंय बघ. ऐक."

पडद्यावर प्रज्वल आला. कपाळाला गंध, नवा शर्ट. त्याचे ओठ हलले. खोलीतल्या स्पीकरमधून माइकपर्यंत पोचलेला त्याचा आवाज बारीक येत होता. "मशिनला हार घातला, पण..." एवढंच कळलं आणि त्यावर दुसरा आवाज चढला.

"हे काय बोलायलास रं? सणासुदीला कंपनीची इज्जत काढायलास?"

तो ज्योतीरामचा होता.

ज्योतीरामचा हात माउसकडे गेला. स्वरूपाने तो धरला. "राहू द्या, मामा," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामाच म्हणायची.

मग रेकॉर्डिंगमध्ये प्रज्वल बोलला. पडद्यावरचा नव्हे, त्या संध्याकाळी या खोलीत बसलेला. जवळून, स्वच्छ.

"अण्णा, ऐका तर खरं. सेन्सर सुपरवायझरनं काढायला लावलाय. सेन्सर असला की टार्गेट होत नाही म्हणतोय. मी लावा लावा म्हणून मागं लागलोय, कुणी ऐकंना गेलंय."

"मग? आम्ही काय सेन्सर लावून कामं केलीत? सगळा जन्म प्रेसवर गेला माझा. ही बघ, दहाची दहा बोटं शाबूत हायत! तुमची ही नवी पिढी नुसती भित्री. उद्या नोकरी गेली तर बायकोला काय घालशील? दसरा झाला की साहेबाचे पाय धर, चुकलं म्हण, अन् गपगुमान त्याच मशिनवर उभा राहा. माझी शपथ हाय तुला."

रेकॉर्डिंगमध्ये टीव्हीतली सनई वाजली. रेल्वे गेली.

"बरं अण्णा," प्रज्वल म्हणाला. "जातो."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. ज्योतीरामनी तेव्हा रागाने बटण दाबून बंद केलं असणार.

स्वरूपा खाली बसली. खंडेनवमीनंतर प्रज्वलने माफी मागितली हे तिला ठाऊक होतं. का मागितली, असं तिने भांडून भांडून विचारलं होतं. तो दरवेळी म्हणायचा, "मलाच वाटलं मागावी." तेव्हा ती त्याला पळपुटा म्हणाली होती. शेवटच्या दिवशीही डबा हातात देताना धड बोलली नव्हती. त्याने बापाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"त्यांनी मला सांगितलं का नाही?" ती कोणालाच न बघता म्हणाली.

सुजित ज्योतीरामकडे वळला. "काका, पुरावा हाय यात. सुपरवायझरनं काढायला लावला, हे त्याच्याच तोंडचं हाय. पन द्यायचं तर आख्खं द्यावं लागंल. मधलं कापलं तर कंपनीचा वकील म्हनंल, छेडछाड केली. वर तुम्ही तर रोज मालिका कापता, सगळ्या चाळीला ठाऊक हाय."

"नका देऊ!" दुर्गाबाई एकदम ओरडल्या. "समद्या गावाला कळंल की बापानंच शपथ घालून धाडला. ह्यांना कुणी दारात उभं करणार नाही. गेलेला काय परत यायलाय का?"

त्यांचंही खोटं नव्हतं. एक पोरगा गेला, आता नवऱ्याची मान खाली गेलेली बघायची, हे त्या बाईच्या ताकदीबाहेरचं होतं.

ज्योतीराम उठले. त्यांनी कॅमेरा काढला, वायर गुंडाळून खणात ठेवली. जेवायला बसले आणि तसेच उठले. आपली दहा बोटं ते पुन्हा पुन्हा बघत होते. ज्या बोटांचा त्यांनी जन्मभर डंका पिटला, ती आता त्यांना सहन होत नव्हती. सकाळी त्यांनी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि स्वरूपासमोर धरलं.

"तू म्हणशील तसं करू, पोरी."

"मी काय म्हणू, मामा?" ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला झाकलं. आता तुम्ही त्यांच्यावरचा आळ तसाच ठेवणार असाल तर राहू द्या."

ज्योतीरामनी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि चपला शोधू लागले.

सुनावणीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला चौकशीचे साहेब, दुसऱ्या बाजूला कंपनीचा वकील आणि मॅनेजर. सुजितने लॅपटॉप लावला. पुन्हा झेंडू, पुन्हा नारळ, पुन्हा दुर्गाबाईंचा आनंद. मग तो ओरडा खोलीभर घुमला. वकिलाने भुवया चढवल्या.

"हा कोण माणूस ओरडतोय?"

ज्योतीराम उभे राहिले. इस्त्रीचा सदरा होता, पण बटणं खालीवर लागली होती.

"मी हाय साहेब. त्याचा बाप."

प्रज्वलचं बोलणं आलं. सुपरवायझर, सेन्सर, टार्गेट. मॅनेजरने टेबलाखाली पाय आखडून घेतले. साहेबांनी लिहून घेतलं, वाक्य पुन्हा ऐकलं, पुन्हा लिहिलं. मग त्यांनी ज्योतीरामकडे बघितलं आणि पुढचं काय असेल याचा त्यांना अंदाज आला असावा. माणूस वाईट नव्हता.

"एवढं पुरे आहे आजोबा. बंद करा. पुढचं घरगुती दिसतंय."

सुजितचा हात लॅपटॉपकडे गेला.

"नका बंद करू," ज्योतीराम म्हणाले. "माझं निम्मं राहिलंय. आवाज जरा वाढव, सुजित."

सुजितने आवाज वाढवला. दहा बोटं, भित्री पिढी, साहेबाचे पाय, शपथ, सगळं त्या खोलीत एकेक करून आलं. ज्योतीराम हात टेबलावर पालथे ठेवून उभे होते. शेवटी सनई वाजली, रेल्वे गेली.

"बरं अण्णा. जातो."

"नको रे," ज्योतीराम म्हणाले.

रेकॉर्डिंग संपलं होतं. स्वरूपाने त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.