तळ्याचा दट्ट्या आणि गावाचा शब्द

मी एक जुना लाकडी दट्ट्या आहे. हसू नका मित्रांनो! आंधळगावकडच्या एका गावतळ्याचं पाणी ज्या भोकातून शेतांकडे सुटतं, त्या तुडुमात मी बसतो. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पिळदार अंगाचा. तळं काठोकाठ भरो, मी हललो नाही तर थेंबाची बाहेर जायची बिशाद नाही.

माझ्याइतकाच कामाचा एक शब्द आमच्या गावात आहे. रडणाऱ्याला म्हणतात, 'धीर धर.' गाडी पळवणाऱ्याला म्हणतात, 'धीरानं जा.' आणि पाणी वाटणाऱ्या सुलोचनाबाई मला सैल करताना स्वतःलाच बजावतात, 'धीरानं.' बोटभरच सरकवतात. तेवढं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं आणि कुणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटत नाही.

गेल्या भादव्यात पाऊस दडी मारून बसला. तळं अर्ध्यावर आलं, धान गर्भावर आलेला. आता पाणी चुकलं तर दाणा भरत नाही. शेवटची बांधी मंदाबाईची, तिचं वर्षाचं खाणं तेवढंच. म्हणून पाण्याची पहिली पाळी तिला ठरली. पण तळ्यालगतच्या धर्मेंद्रचा धीर सुटला. भरदुपारी आला, मला पुरतं उपटलं आणि काठावर फेकून दिलं!

मोकाट पाण्याने आधी त्याचाच धुरा फोडला आणि सगळं नाल्याला लागलं. तो धावत परत आला. मला भोकात कोंबू लागला, पाणी मला उडवून लावू लागलं. सुलोचनाबाईंच्या मागोमाग मंदाबाई ओरडत आली, "माया धान गेला वं बाई!"

"धीर धर, मंदे," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि पाण्याकडे वळल्या. "धर्मेंद्र, धीरानं. पाण्यासंग भांडू नको. तिरपा धर, मंग फिरव."

त्याने दम घेतला, तिरपा धरला, फिरवला. मी गच्च बसलो. खरं सांगतो, मला माझा फार अभिमान वाटला.

उरलेलं पाणी एकाच शेताला पुरण्याजोगं होतं. धर्मेंद्र खाली मान घालून म्हणाला, "हे पाणी मंदाबाईलेच द्या. मी माई पाळी सोडतो."

त्याच्या अर्ध्या लोंब्या पोचट राहिल्या. मंदाबाईने नव्या धानाचे पोहे त्याला तळ्यावर आणून दिले. "खा ना गा," म्हणाली.

मित्रांनो, उन्हाळ्यात तळं उतरलं की माझ्यासारख्यांना बाहेर काढा, तेल पाजा, अंगाभोवती गुंडाळलेल्या चिंध्या बदला. सहा वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं. यंदा धर्मेंद्रनेच काढलं. नवी चिंधी गुंडाळताना तो एकटाच पुटपुटत होता, "धीरानं... धीरानं."